आठ दारे, एक पहारेकरी

गेल्या वर्षी आमच्या गटाने आठ ठिकाणचे तापमान नोंदवणारे यंत्र केले. आठ तारा सीडी ४०५१ या मल्टिप्लेक्सरवर येत आणि त्यातून एकच तार मायक्रोकंट्रोलरकडे जाई. या एका तारेवर आम्ही मोठ्या हौसेने संरक्षक डायोड बसवला. आठ दारांना आठ पहारेकरी कशाला, असा आमचा हिशेब. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी २४ व्होल्टची एक सुटी तार तिसऱ्या इनपुटला लागली आणि मल्टिप्लेक्सर, मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले सारेच गेले. आमचा डायोड मात्र शाबूत!

असे का व्हावे? मल्टिप्लेक्सरच्या प्रत्येक इनपुटपासून पुरवठ्याच्या तारेकडे आतच एक डायोड असतो. इनपुट पाच व्होल्टच्या वर अर्धा-पाऊण व्होल्ट गेले की तो वाहू लागतो. त्याची सहनशक्ती फार तर १० मिलिअँपिअर. शिवाय हा प्रवाह शिरतो पाच व्होल्टच्या तारेत. ७८०५ रेग्युलेटर प्रवाह देऊ जाणतो, परत घेऊ जाणत नाही. त्यामुळे ती तारच वर चढते आणि तिच्यावर जगणारे सगळे मरतात. आम्ही पुढच्या वाटेवर पहारा ठेवला. शत्रू कोठारातून आला.

उपाय साधा आहे. प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा रोधक एकसर जोडावा. मग २४ व्होल्ट लागले तरी प्रवाह दोन मिलिअँपिअरच्या आत राहतो. सर्किटची स्वतःची भूक त्याहून मोठी असली की तो तिथेच खपतो. शेजारच्या इनपुटांचे आकडेही बिघडू नयेत असे वाटत असेल, तर बाहेरून शॉट्की डायोड लावावेत. रोधकामुळे वेग कमी होतो, हा आक्षेप खरा आहे. पण तापमान मोजणाऱ्याला काही मायक्रोसेकंद थांबायला काय हरकत?

चूक आमची होतीच. पण तोंडी परीक्षेत ‘अचूकता किती?’ हा प्रश्न सर्वांना येतो. ‘चुकीची तार लागली तर?’ हा कोणालाच येत नाही. उद्या आपल्यातले कितीतरी जण उद्यमबागेतल्या कारखान्यांत जातील. तिथे चुकीची तार कधी ना कधी लागतेच. म्हणून माझी सूचना अशी, की गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी प्रत्येक प्रकल्पाच्या एका इनपुटला २४ व्होल्ट लावून पाहावे. जो जगेल, तोच उत्तीर्ण!