मुलांची माहिती : माल नव्हे, ठेव

आईचा हात धरून दुकानात आलेल्या लहान मुलाला त्याची शाळा, घराचा पत्ता आणि आवडीनिवडी विचारून कोणी व्यापारी त्या वहीत टिपू लागला, तर आई त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. संकेतस्थळांवर मात्र हेच वर्षानुवर्षे निमूटपणे घडत आले आहे.

अमेरिकेने याला आळा घालणारा कायदा १९९८ मध्ये केला. त्याचे नियम २१ एप्रिल २००० पासून लागू झाले. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची पडताळलेली संमती घेणे संकेतस्थळाच्या चालकावर बंधनकारक झाले. २०१३ च्या दुरुस्तीने मुलाचे छायाचित्र, आवाज आणि ठावठिकाणाही या संरक्षणाखाली आला. २०१९ मध्ये गुगल व यूट्यूब यांना याच कायद्याखालील तडजोडीत १७ कोटी डॉलर भरावे लागले.

२०२५ ची दुरुस्ती आणखी पुढे जाते. तिच्या पूर्ततेची मुदत २२ एप्रिल २०२६ ही होती. सेवेसाठी आवश्यक नसताना मुलाची माहिती जाहिरातदारांना वा अन्य कोणाला द्यायची असेल, तर पालकांची वेगळी संमती हवी. बोटांचे ठसे व चेहऱ्याची मोजमापे यांनाही आता संरक्षण आहे. काम संपल्यावर माहिती अनिश्चित काळ ठेवता येत नाही. ती कशासाठी ठेवली आणि केव्हा पुसली जाईल, हे लेखी जाहीर करावे लागते.

अमेरिकन मुलांसाठी संकेतस्थळ वा खेळ चालवणारा परदेशी व्यापारीही या नियमांतून सुटत नाही. भारताचा २०२३ चा कायदा तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास तो मनाई करतो. कर्तव्यभंगास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात.

ही सवड हिशेब तपासण्यासाठी आहे. खेळणी, कपडे वा शिकवण्या यांची ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपला नोंदणीचा तक्ता एकदा उघडून पाहावा. सवलतीच्या आमिषाने मागितलेली मुलाची जन्मतारीख खरोखर लागते का? ती कोणाच्या हाती जाते? जुन्या नोंदी कधी पुसल्या जातात?

ठेव ठेवणाऱ्याला न विचारता ती दुसऱ्याच्या हाती देणे पेढीच्या व्यवहारात कधीच मान्य नव्हते. मुलाच्या माहितीला तोच न्याय लावला, तर कायद्याचे निम्मे पालन आपोआप होते.