तुम्ही बदललात!

मार्च २०२५ मधली एक रात्र. जेवणे आटोपून आम्ही दोघे झोपायच्या तयारीत असताना दाराची घंटा वाजली आणि दमलेली, घसे बसलेली तीन माणसे घरात शिरली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ नावाचा संगीत महोत्सव होता आणि त्यात ‘ग्रीन डे’ हा अमेरिकी बँड वाजवणार म्हणून ही मंडळी दुपारपासून उन्हात उभी होती. एक आमचा मुलगा, वय ३८. दुसरे त्याच्या कचेरीतले ज्येष्ठ सहकारी, वय ४७. तिसरी माझी पुतणी, वय २२. सौ.ने पिठले टाकले, भात लावला, आणि पहिला घास पोटात जाताच तिघांत भांडण जुंपले.

सहकारी गृहस्थांचे म्हणणे, खरा ग्रीन डे १९९४ च्या ‘डूकी’ या अल्बमात होता. पुढचे सगळे पाणी घातलेले दूध. मुलाचे म्हणणे, २००४ चा ‘अमेरिकन इडियट’ हाच त्यांचा कळस. तो झाला नसता तर या लोकांना आज कोणी विचारलेही नसते. पुतणीने बिचकत सांगितले, की तिला २०२० चा ‘फादर ऑफ ऑल’ आवडतो. (त्या अल्बमाचे उरलेले नाव या पानावर छापण्याजोगे नाही.) टाळेबंदीच्या दिवसांत, सतराव्या वर्षी तिने प्रथम ऐकलेला ग्रीन डे तोच. त्यावर दोघे प्रौढ एकाच वेळी हसले. एरवी एकमेकांचे एकही वाक्य न पटणाऱ्या त्या दोघांचे, मुलीला काही कळत नाही यावर मात्र तात्काळ एकमत झाले.

पुतणी शांतपणे म्हणाली, “दादा, तुम्हाला जो खरा वाटतो, त्यालाही तेव्हा कोणीतरी खोटा म्हणालंच असेल ना?”

उत्तर कोणी दिले नाही. ताटे मात्र लवकर उचलली गेली.

माझे कान आकाशवाणीवर वाढलेले. ग्रीन डे या नावाचा अर्थ मी पूर्वी एकदा मुलाला विचारला होता, तेव्हा त्याने विषय बदलला होता. गांजा ओढत घालवलेला दिवस, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा या संगीतावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. पण पुतणीचा प्रश्न हिशेबाचा होता, आणि ताळा जुळल्याशिवाय घरी जायचे नाही या शिस्तीत माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. पुढचे पंधरा दिवस मुलाकडून यादी घेऊन मी हे अल्बम क्रमाने ऐकले आणि त्यांची हकीकत वाचून काढली.

पंक हा प्रकार १९७० च्या दशकाच्या मध्यावर पुढे आला. न्यूयॉर्कमध्ये रामोन्स, लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स. रॉक संगीत तोवर लांबलचक, कसबी आणि श्रीमंत झाले होते. त्याला या पोरांनी दिलेले उत्तर म्हणजे तीन-चार कॉर्ड, दोन-अडीच मिनिटे, बेफाम वेग, आणि नीट वाजवता येत नाही म्हणून गप्प बसणार नाही हा हट्ट. त्या वेगाला गुणगुणता येईल अशी चाल जोडली की झाले पॉप पंक. ग्रीन डे हा त्यातला सर्वांत खपलेल्या बँडांपैकी एक. बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कामगारवस्तीतले शाळासोबती. १९८७ मध्ये त्यांनी बँड काढला. १९९० मध्ये ट्रे कूल हा ड्रमवादक त्यांना येऊन मिळाला. आज तिघेही पन्नाशी ओलांडलेले आहेत.

ही मंडळी घडली ती बर्कली शहरातल्या ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर. १९८६ च्या अखेरीस सुरू झालेला हा क्लब स्वयंसेवक चालवत. नाममात्र वर्गणीचे सभासदकार्ड, दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, आणि कोणत्याही वयाच्या मुलाला प्रवेश. आणखी एक नियम असा, की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तेथे वाजवता येणार नाही. मला हे वर्णन वाचताना आपल्याकडची एखादी सचोटीची पतपेढी आठवली. भांडवल थोडे, पण प्रत्येक सभासद मालक. ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम ‘लुकआउट’ या तिथल्याच छोट्या कंपनीने काढले. १९९३ मध्ये त्यांनी वॉर्नर समूहातल्या ‘रिप्राइझ’शी करार केला, आणि ज्या दारातून ते लहानाचे मोठे झाले ते दार त्यांना बंद झाले. क्लबच्या भिंतीवर बिली जोच्या मरणाची इच्छा करणारा मजकूर कोणीतरी लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी ‘डूकी’ आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.

म्हणजे आमच्या घरी ज्याला अस्सल, मूळ, निर्भेळ म्हटले गेले, तो ‘डूकी’ हाच पहिल्या चाहत्यांच्या लेखी पहिला द्रोह होता. पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे सापडले.

आता गंमत पाहा. ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे एकच गाणे लुकआउटच्या ‘कर्प्लंक’ या अल्बमातही आहे आणि ‘डूकी’तही. मी दोन्ही पाठोपाठ ऐकली. चाल तीच, कॉर्ड तेच. फरक इतकाच, की दुसऱ्या खेपेला ध्वनिमुद्रण घासूनपुसून झाले आहे. म्हणजे १९९४ साली आवाज फारसा बदललाच नव्हता. बदलला होता तो करारनामा. पुढे २००० सालच्या ‘वॉर्निंग’मध्ये आवाज खरोखर बदलला, गिटार सौम्य झाली, खप बराच घसरला, आणि तेव्हा तक्रार केली ती ‘डूकी’मुळे आलेल्या चाहत्यांनी. मग २००४ मध्ये ‘अमेरिकन इडियट’ आला. इराक युद्धाच्या काळातल्या अमेरिकेवरची ती सलग संगीत-कथा, आणि तीत नऊ मिनिटांहून मोठे, पाच भागांचे एक गाणे. ज्या लांबण लावणाऱ्या रॉकविरुद्ध पंकने बंड केले होते, तेच हे. माझ्या मुलाच्या पिढीने त्याला कळस म्हटले. २०२० मध्ये तोच बँड २६ मिनिटांचा, कृत्रिम उंच स्वरात गायलेला, नाचरा अल्बम घेऊन आला, तेव्हा हे पंक नव्हे म्हणून नाक मुरडण्यात याच पिढीचे लोक पुढे होते.

संध्याकाळच्या लोकलमध्ये दादरला धक्के देत आत शिरलेला माणूस दार सुटण्याआधीच बाहेरच्यांना ओरडतो, ‘आत जागा नाही!’ चाहत्यांचेही असेच होते. बँड बिघडल्याची प्रत्येकाची तारीख वेगळी, पण ती त्याच्या स्वतःच्या आगमनानंतरचीच असते.

मात्र एवढ्यावर चाहत्यांना हसून मोकळे होणे अन्यायाचे होईल. गिलमनच्या सभासदांचे खरोखरच काही गेले होते. शेजारच्या मुलाचे गाणे हाताच्या अंतरावर ऐकण्याचे सुख मैदानात विकत मिळत नाही. आणि प्रत्येक बदल ही प्रगतीच असते असेही नाही. ‘फादर ऑफ ऑल’मधली काही गाणी मलाही घाईने आवरल्यासारखी वाटली, पुतणीची क्षमा मागून हे नोंदवतो. बदल फसला तर फसला असे म्हणण्याचा ऐकणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप ‘हे वाईट झाले’ या वाक्याला नाही; ‘हे तुम्ही करायलाच नको होते’ या वाक्याला आहे. पहिले मत आहे, दुसरा मनाई हुकूम.

कारण आपण ज्याला बदल म्हणतो तो पुष्कळदा बदल नसतोच. १९९७ मध्ये या बँडने ‘गुड रिडन्स’ नावाचे गाणे काढले. एक साधी गिटार आणि मागे व्हायोलिनांची साथ. पंकवाले हादरले. वास्तविक ते गाणे बिली जोने ‘डूकी’च्या आधीच लिहिले होते, बाकीच्या गाण्यांत बसत नाही म्हणून ते बाजूला राहिले होते. म्हणजे ज्या दिवसांत तो सर्वांत अस्सल होता, त्याच दिवसांत हा दुसरा माणूसही त्याच्यात राहत होता. तसेच दुसरे उदाहरण. तो दहा वर्षांचा असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये त्याचे वडील कर्करोगाने गेले. त्या सप्टेंबरवरचे त्याचे गाणे आले २००४ मध्ये, बावीस वर्षांनी. त्याला ते विशीत का सुचले नसेल? मला वाटते, बापाच्या मरणावर बोलायला दोन मिनिटे आणि बेफाम वेग पुरत नाही. त्यासाठी स्वतः बाप व्हावे लागते, आणि तो तोवर झाला होता. ‘डूकी’तल्या मुलाचा कंटाळा, त्याची घबराट, हे खरे होते म्हणूनच ते लोकांना भिडले. तेच पन्नाशीत पुन्हा नव्याने लिहायला बसणे हा खोटेपणा झाला असता.

आणि करारनाम्याचा हिशेब? तोही सरळ नाही. मोठ्या कंपनीकडे गेल्यावरही बँडने आपले पहिले दोन अल्बम लुकआउटकडेच ठेवले, आणि त्या छोट्या कंपनीला त्यांच्या खपाचा वर्षानुवर्षे आधार झाला. तरी २००५ मध्ये, मानधनाची रक्कम थकल्याच्या कारणावरून, बँडने ते दोन्ही अल्बम काढून घेतले. खातेवहीत निष्ठा आणि द्रोह असे दोन सरळ रकाने कधीच नसतात, हे बँकेत काम केलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १७ मे २०१५ रोजी ग्रीन डे पुन्हा गिलमनमध्ये वाजवायला उभे राहिले. आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी. दार उघडायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

या साऱ्याशी माझा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. माझी पहिली कादंबरी तालुक्याच्या गावातल्या एका बँकशाखेवर होती, हलकीफुलकी, हसवणारी. तिसरी एका स्मृती हरवत चाललेल्या म्हाताऱ्यावर होती, आणि तिच्यात हसण्याजोगे काही नव्हते. ती आल्यावर एका गुरुजींचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोन ओळींचा : ‘तुमची पहिली कादंबरी आमची होती. ही फक्त तुमची आहे.’ मी भडकलो. उलट टपाली लिहिले, की काय लिहायचे ते लेखकाने ठरवायचे असते. वाक्य बिनचूक होते. गुरुजींचे पत्र त्यानंतर आले नाही. त्याआधी त्यांनी मला अकरा पत्रे लिहिली होती.

शाखेत असताना लॉकरचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. बँकेची किल्ली आधी फिरवायची, मग खातेदाराची. आणि अधिकाऱ्याने बाहेर निघून जायचे. आत काय ठेवले आहे ते बँकेला ठाऊक नसते. एक वृद्ध बाई दर महिन्याला येत, पाच मिनिटे आत थांबत आणि डोळे पुसत बाहेर पडत. मी कधी विचारले नाही. गाण्याचे आणि कादंबरीचेही मला आता तसेच वाटते. पेटी आमची, एक किल्ली आमची. पण आत ठेवलेला ऐवज ऐकणाऱ्याचा. सहकारी गृहस्थांनी ‘डूकी’त आपले महाविद्यालय ठेवले आहे, मुलाने ‘अमेरिकन इडियट’मध्ये आपले वसतिगृह, पुतणीने त्या २६ मिनिटांत टाळेबंदीतली आपली बंद खोली. बँडने नवा अल्बम काढला म्हणून जुन्या पेटीतले काही कमी होत नाही. पण तिकडे कोणी हातोडा घेऊन येतो आहे अशी भीती वाटली, तर माणूस ओरडणारच. गुरुजी ओरडले ते त्या भीतीने. मी त्यांना नियम ऐकवला.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात ग्रीन डेने ‘डूकी’ आणि ‘अमेरिकन इडियट’ हे दोन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले, आणि त्याबरोबर त्या वर्षीच्या ‘सेव्हियर्स’ या नव्या अल्बमातलीही गाणी. जुन्या ठेवीच्या व्याजावर जगणे म्हणून कोणी याला नावे ठेवील. मला मात्र त्यात एक सभ्यता दिसली : तुमच्या पेट्या सुरक्षित आहेत, एकदा पाहून घ्या, आता आमचे नवेही थोडे ऐका.

गेल्या आठवड्यात मी गुरुजींना पत्र लिहिले. तिसरी कादंबरी लिहिल्याबद्दल क्षमा मागितली नाही. उत्तर ज्या भाषेत दिले तिच्याबद्दल मागितली. पहिली कादंबरी त्यांची होती आणि आजही आहे, हे मान्य केले. पत्ता वीस वर्षांपूर्वीचा. गुरुजी त्या घरात आहेत की नाही, आहेत की नाहीत, काही ठाऊक नाही. उत्तर आलेच, तर ‘पहिलीच चांगली होती’ असे ते पुन्हा लिहितील, याची मला जवळजवळ खात्री आहे. या वेळी वाद घालणार नाही.