गाडी तापवणाऱ्या मंडळींस

डिसेंबर उजाडला की सातारा-सांगलीकडच्या कॉलन्यांमधून सकाळी साडेसहाला एक कार्यक्रम सुरू होतो. गाडी बाहेर काढायची, चालू करायची, तशीच भुर्रर्र करत सोडायची आणि मालकानं आत जाऊन निवांत चहा प्यायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. शेजारच्या घरातली म्हातारी खोकतेय, शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी पोरं बरोबर सायलेन्सरच्या उंचीला उभी आहेत, पण गाडी 'तापतेय'. का म्हणून विचाराल तर उत्तर ठरलेलं: "तापली पायजे ओ, नायतर इंजिन खातंय."

मंडळी, काही खात नाही. खातंय ते तुमचं पेट्रोल आणि शेजाऱ्याचं फुफ्फुस. आणि हा प्रकार फक्त जुन्या पिढीचा असता तर मी हा लेख लिहिलाही नसता. पुण्यात आठवडाभर कोड ऑप्टिमाइझ करणारी, वीकएंडला गावी आलेली आपली पोरंही हेच करतात. वर कॅनडातल्या कुणाचा तरी व्हिडिओ दाखवतात. म्हणून आज जरा हिशोबच मांडू.

पहिला प्रश्न, थंडी म्हणजे किती थंडी? साताऱ्यात कडाक्याची म्हणतो ती थंडी दहा-बारा अंशांची. सांगलीतही साधारण तेच, फक्त कृष्णाकाठचं धुकं जास्त. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेव्हा पेपरात फोटो येतो. फोटो येतो कारण ती बातमी असते, रोजची गोष्ट नाही.

आता तुमच्या ऑइलच्या डब्याकडे बघा. २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे वेट नव्हे, विंटर. ज्या एसएई मानकातून हे आकडे येतात, त्यात २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे १५ अंशांना होते. एवढ्या थंडीतही ते ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये, इंजिन फिरलं पाहिजे. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. म्हणजे डब्यातलं सगळ्यात जुनाट, सगळ्यात घट्ट तेलसुद्धा साताऱ्याच्या थंडीपेक्षा पंचवीस अंश खालच्या थंडीसाठी तपासलेलं असतं. आणि आपण ते 'पातळ व्हावं' म्हणून दहा मिनिटं थांबतो. तेलाचा दाब तयार व्हायला काही सेकंद लागतात. सीटबेल्ट लावून आरसा नीट करेपर्यंत ते काम उरकलेलं असतं.

मग ही सवय आली कुठून? आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. हा लेगसी कोड आहे. अँबॅसिडर, पद्मिनी, जुन्या जीपगाड्या यांना कार्ब्युरेटर होता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण जाड करावं लागे. चोक आत ढकलला की गाडी आचके देऊन बंद. तेव्हा थांबणं भागच होतं. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन मोटारींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मोटारसायकलीसुद्धा इंजेक्शनवर गेल्या. आता इंजिन किती थंड आहे हे सेन्सर बघतो, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हार्डवेअर कधीच बदललं, पण फंक्शन अजून कॉल होतंय. कमेंट कुणीतरी आजोबांनी लिहिलेली: "ही ओळ काढू नका, गाडी बंद पडते." कुणाची छाती होत नाही ती काढायची.

बरं, निरुपयोगी पण निरुपद्रवी असती तर एक वेळ चाललं असतं. पण उभ्या गाडीत इंजिन सगळ्यात हळू तापतं. कारण साधं आहे. लोड नाही म्हणजे इंधन कमी जळतं, आणि कमी जळतं म्हणजे उष्णताही कमी. तेवढा सगळा वेळ थंड पेट्रोल इंजिन जाड मिश्रणावरच चालतं. न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची फिल्म धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे ज्या झिजेला घाबरून आपण थांबलो, तिलाच आमंत्रण. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही, आणि नुसत्या भुरभुरीवर तो तापायला वेळ लागतो. म्हणून सकाळचा तो वास. डिझेल असेल तर बीएस-६ गाडीच्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ती वेगळीच. आणि गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंग, टायर? ते उभ्या गाडीत तापतच नाहीत. गाडी तापवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाडी चालवणं. हळू, पण चालवणं.

पैशाचं बोलू. छोटी मोटार उभ्या उभ्या तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल पिते असं धरा. दहा मिनिटांचे झाले १०० मिली. डिसेंबर ते फेब्रुवारी ९० दिवस, म्हणजे ९ लिटर, म्हणजे हजाराच्या आसपास रुपये. "हजार रुपयांनी काय होतंय?" तुमचं काही होत नाही, मान्य. पण गावात अशा हजार गाड्या धरल्या तर ९,००० लिटर पेट्रोल एक इंच पुढे न जाता जळलं, आणि त्याचा वीस टन कार्बन डायऑक्साइड झाला. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, धूर वर जात नाही, गल्लीतच घुटमळतो. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारी मंडळी आरोग्यासाठी बाहेर पडतात आणि पायथ्यापर्यंत हेच हुंगत जातात. बंद गॅरेजात किंवा बेसमेंटमध्ये हा प्रकार केला तर कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तिथे प्रश्न हजार रुपयांचा नाही, जिवाचा आहे.

आता कॅनडाच्या व्हिडिओकडे येऊ. वालचंदची नि कराडची कितीतरी पोरं आज मिनेसोटा, विनिपेग, एडमंटन अशा ठिकाणी आहेत. तिथे उणे तीस होतं आणि थंडीची भीती खरी असते. पण तिथला शहाणा माणूस काय करतो? तासभर गाडी भुरभुरत ठेवत नाही, ब्लॉक हीटर लावतो. म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेली विजेची कॉइल, आपल्या पाणी तापवायच्या रॉडची लांबची बहीण. ती कूलंट तापवते. गाडीच्या नाकातून प्लगची वायर बाहेर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेटचे खांब असतात. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमननं या हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं. गृहस्थ खेड्यांना वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेत काम करणारा. सहकार म्हटल्यावर सांगलीकरांना जवळचा वाटायला हरकत नाही :-)

आणि हा हीटरही तिथे रात्रभर लावायचा नसतो. कॅनडाचं सरकारी खातं सांगतं की निघायच्या दोन तास आधी टायमरनं चालू करा, तेवढं पुरतं. दोन-तीन तासांत ब्लॉक जेवढा तापायचा तेवढा तापतो. पुढे जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निसटते, आणि तुम्ही अंगणातली हवा तापवत बसता. ७५० वॅटचा हीटर दहा तास लावला तर साडेसात युनिट, दोन तास लावला तर दीड. रोजचा सहा युनिटांचा फरक, महिन्याला १८०. म्हणजे जिथे खरोखर हाडं गोठतात तिथे लोक उष्णतेचा मिनिटाच्या हिशोबानं विचार करतात, आणि जिथे स्वेटर दुपारी डिकीत टाकावा लागतो तिथे आपण दानशूर.

आपल्याच लोकांचं उदाहरण हवं? सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी माणूस फौजेत पाठवणारं. लडाखमध्ये डिझेलच गोठायची पंचाईत असते. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं. तिथली नोकरी करून आलेल्या एखाद्या फौजी ड्रायव्हरला विचारा, साताऱ्यात गाडी तापवावी लागते का म्हणून. हसेल तो.

"मग आपल्याकडे ब्लॉक हीटर नाहीतच की!" आहेत राव. फक्त मोटारीत नाहीत, जनरेटरला आहेत. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, मोठ्या कारखान्यांत, तुमच्या पुण्याच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला जे मोठे डीजी सेट उभे असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना जॅकेट वॉटर हीटर असतो. तिथे प्रश्न थंडीचा नसून वेळेचा आहे. लाइट गेली की सेटनं काही सेकंदांत चालू होऊन पूर्ण लोड उचलायचा असतो. थंड इंजिनावर एकदम लोड टाकला तर ते अडखळतं, आणि ऑपरेशन टेबलावरचा पेशंट 'इंजिन तापू दे' म्हणून थांबू शकत नाही. म्हणजे जिथे उष्णता खरंच हवी ती जागा ही.

आणि नेमकं इथे कुणी बघत नाही. हीटरचा खर्च सेट केलेलं तापमान आणि खोलीचं तापमान यांच्यातल्या फरकावर ठरतो. खोली २५ अंशांवर असताना थर्मोस्टॅट ४० ला ठेवला तर फरक १५, कुणीतरी 'असू दे जास्त' म्हणून ६० ला ठेवला तर ३५. वीज दुपटीहून जास्त, फायदा शून्य. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच ठेवा. थर्मोस्टॅट अडकला तर २ किलोवॅटचा हीटर दिवसाला ४८ युनिट गुपचूप खातो. इंजिन चालू झालं की हीटर आपोआप बंद झाला पाहिजे, नसेल होत तर रिले बघा. पाइपात हवा अडकली किंवा व्हॉल्व्ह बंद राहिला तर कॉइल कोरडी जळते आणि ते कळतं थेट लाइट गेल्यावर. महिन्यातून एकदा ब्लॉकला नुसता हात लावून बघायला काय जातंय? कोमट लागला तर ठीक. गार लागला तर भानगड आहे. चटका बसला तरी भानगड आहे.

तर गाडीचा लाड करणारे आपण, आणि ज्या इंजिनावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. माझा राग आहे तो या उलट्या काळजीवर.

आता नेहमीचे आक्षेप.

"आमचा मिस्त्री सांगतो." मिस्त्रीबद्दल आदर आहे. पण तो कुठल्या इंजिनाबद्दल सांगतो ते विचारा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाबद्दल तो बरोबरच आहे.

"थंडीत गाडी चालूच होत नाही." दहा अंशांना चालू होत नसेल तर तो थंडीचा दोष नाही, तो बग रिपोर्ट आहे. चार वर्षं झालेली बॅटरी, डिझेलमध्ये जळलेला ग्लो प्लग, तुंबलेला फिल्टर. लॉग वाचा, सर्व्हर तापवत बसू नका.

"डिझेल आहे ओ." मग चावी फिरवून कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. काही सेकंद. टर्बो असेल तर अर्धा मिनिट. झालं.

"काचेवर धुकं धरतं." हा आक्षेप मात्र खरा. न दिसता गाडी हाकू नका. डीफॉगर लावा, काच पुसा, दिसलं की निघा.

"दारातून निघालो की लगेच यवतेश्वरचा घाट." मग खालच्या गिअरमध्ये, रेस न करता चढा. घाट चढताना इंजिन जेवढं पटकन तापेल तेवढं दारात उभं राहून कधीच तापणार नाही. ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच. मिनिटभर थांबा, शेतापर्यंत मोकळा न्या, मग नांगर लावा. आणि उसाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात तासन् तास रांग असते, तिथे इंजिन बंद करा. परत चालू होत नाही म्हणून चालू ठेवत असाल तर वरचा बॅटरीचा परिच्छेद पुन्हा वाचा.

ज्या साताऱ्यात कूपरचं इंजिन बनलं, ज्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्या मुलखाला इंजिन शिकवायची माझी लायकी नाही. इथल्या जुन्या शेतकऱ्याला विहिरीवरच्या इंजिनाची नस माहीत होती. अडलं तर तो जॅकेटमध्ये गरम पाणी ओतायचा, हँडल मारायचा आणि कामाला लागायचा. तोही ब्लॉक हीटरच की, बिनविजेचा! पण तो इंजिन चालू करायचा पाणी उपसायला, चहा होईपर्यंत ऐकत बसायला नव्हे.

तेव्हा उद्या सकाळी एवढंच करा. आधी चहा प्या, मग गाडी चालू करा. तीस सेकंद थांबा आणि निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीनं. वडील ओरडतील, ओरडू देत. त्यांना ऑइलचा डबा दाखवा.