उन्हाळी सुटी : हक्क कोणाचा?

एप्रिल सरत आला, परीक्षा आटोपल्या, की नांदेड आणि लातूर शहरांतील चौक उन्हाळी शिबिरांच्या फलकांनी भरून जातात. नृत्य, चित्रकला, अबॅकस, घोडेस्वारी, संभाषणकला आणि सर्वांवर कडी म्हणजे 'व्यक्तिमत्त्व विकास'. दहा किंवा पंधरा दिवसांत मुलाचे व्यक्तिमत्त्व घडवून देण्याची हमी या फलकांवर असते. शुल्काचा आकडा मात्र दूरध्वनी केल्याशिवाय कळत नाही. ज्यांच्या खिशाला ते परवडते, ते पालक आपापल्या परीने चौकशी करून मुलाला कुठेतरी दाखल करतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांच्या सुटीचा विचार करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चळवळीतील कार्यकर्त्यांनी तो विचारण्याची वेळ आली आहे.

लातूरच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गाजले. मागास समजल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील मुले पुण्या-मुंबईच्या बरोबरीने यश मिळवू शकतात हे त्यातून सिद्ध झाले आणि त्या शिक्षकांच्या परिश्रमांबद्दल आदरच बाळगला पाहिजे. परंतु त्या यशाभोवती पुढे खासगी शिकवण्यांची जी बाजारपेठ उभी राहिली, तिने नांदेडलाही कवेत घेतले आणि आता तिची नजर आठवी-नववीच्या मुलांच्या सुटीवर आहे. 'फाउंडेशन' या गोंडस नावाखाली मे महिन्याचे तास विकले जातात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये असे त्यांत स्पष्टपणे म्हटले. सूचना कागदावर राहतात आणि बाजार रस्त्यावर असतो. काही ठिकाणी शिबिर मोफत असते; ते मोफत का आहे, याचे उत्तर जूनमध्ये शिकवणीच्या प्रवेशाच्या वेळी मिळते.

हा झाला शहरातील मध्यमवर्गाचा उन्हाळा. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यातील उन्हाळा वेगळा आहे. साखर कारखान्यांचे पट्टे पडले की ऊसतोड मजुरांची कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामातच तुटलेली असते; गावात येऊन ती पुन्हा जोडावी, तर तोवर शाळेलाच सुटी लागते. किनवट-माहूरच्या आदिवासी भागात आश्रमशाळा बंद होतात आणि मुले घरी येतात. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची ओढाताण आहे, तेथे आणखी एक ताट वाढते. शहरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबणाऱ्यांच्या मुलांना तर सुटी म्हणजे लहान भावंड काखेला घेऊन आईमागे जाण्याचा काळ. 'मुले सुटीत मोकळी असतात' हे वाक्य या मुलांच्या बाबतीत खोटे आहे.

शाळा बंद झाली की शालेय पोषण आहारही बंद होतो, ही त्यातली सर्वांत गंभीर बाब होय. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला, की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही मुलांना मध्यान्ह भोजन मिळाले पाहिजे. मराठवाड्याला हा आदेश किती जवळचा आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. पाण्याच्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. त्याच उन्हाळ्यात घागर आणि कळशी घेऊन रांगेत उभी राहिलेली मुले कोणत्याच शिबिराच्या यादीत नव्हती.

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्याला मान्यता दिली. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून नमूद आहे. हक्क म्हटला की तो विकत घेण्याची वस्तू राहत नाही. तो पुरवण्याची जबाबदारी समाजाची आणि शासनाची असते. ही कल्पना समाजवादी चळवळीला नवी नाही. जर्मनीतील समाजवादी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट लोवेनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये कील शहराजवळ कामगारांच्या दोन हजारांवर मुलांचे 'बालप्रजासत्ताक' भरले. तंबूंची वसाहत मुलांनीच चालवली, आपले प्रतिनिधी निवडले, नियम सभेत ठरवले. फ्रान्समध्ये १९३६ साली लेआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि पॅरिसभोवतालच्या डाव्या नगरपालिकांनी कामगारांच्या मुलांसाठी सुटीतील वसाहती चालवल्या. सुटी ही श्रीमंतांची मिरास नाही, हे त्या देशांत चळवळीने लढून मान्य करून घेतले.

महाराष्ट्रात हे काम राष्ट्र सेवा दलाने केले. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. मुले आणि मुली एकाच मैदानावर, सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत, खेळाबरोबर श्रमदान आणि गाण्याबरोबर चर्चा, ही सेवा दलाच्या शिबिरांची रीत त्या काळात क्रांतिकारक होती. वसंत बापटांनी ज्या कलापथकाला आकार दिला, त्यातून निळू फुले यांच्यासारखा कलावंत महाराष्ट्राला मिळाला. साने गुरुजींच्या स्मृतीला वाहिलेल्या कथामालेने गोष्ट सांगण्यातून मूल्ये रुजवता येतात हे दाखवले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत सेवा दलाच्या तरुणांशी तासन्‌तास वाद घालण्यात कमीपणा मानत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा पोरक्या झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. मुलांचे काम हे दुय्यम काम नव्हे, अशी या परंपरेची धारणा होती. आज ती परंपरा ठिकठिकाणी क्षीण झाली आहे, आणि रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. ती एकीकडे बाजाराने व्यापली आणि दुसरीकडे, परधर्मीयांचा द्वेष हेच ज्यांचे बौद्धिक आहे, अशा शिबिरांनी.

म्हणून शिबिराची निवड ही सामान्य वाटणारी बाब राजकीयही आहे. कार्यकर्त्यांना त्यांच्या वस्तीतील पालक विचारतात, 'मुलाला कुठे घालावे?' या प्रश्नाला नीट उत्तर देता आले पाहिजे. आधी शिबिराची वेळ पाहावी. नांदेड-लातूरचा मे महिन्याचा पारा बेचाळीस अंशांपुढे जातो. दुपारी मैदानावर मुले उभी करणारे शिबिर कितीही नामांकित असले तरी ते टाळावे. सकाळी साडेदहापूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर खेळ, मधल्या वेळेत सावलीतले काम, भरपूर पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, ही किमान अट आहे. पोहण्याचा कार्यक्रम असेल तर शिक्षक कोण आणि किती मुलांमागे किती, हे विचारावे. शेततळी आणि विहिरी दर उन्हाळ्यात मुलांचे बळी घेतात.

शिबिर चालवणारी माणसे कोण आहेत, त्यांच्या पूर्वीच्या कामाची ओळख गावात कोणाला आहे का, निवासी शिबिर असल्यास मुलींसाठी स्त्री कार्यकर्त्या मुक्कामाला आहेत का आणि पालकांना कोणत्याही वेळी आत जाऊन पाहता येते का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. या प्रश्नांनी रागावणाऱ्या संयोजकाकडे मूल सोपवू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घालतो; संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी गप्प बसणे हाही अपराध आहे. मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक शिबिराच्या दारावर आणि मुलांच्या तोंडी असावा. ही कसोटी आपल्या विचारांच्या शिबिरांनाही तितक्याच कठोरपणे लावली पाहिजे. ध्येयवाद हा सुरक्षिततेचा पर्याय होऊ शकत नाही.

शेवटची कसोटी मुलांच्या यादीची. त्या यादीत किती वस्त्यांची, किती जातींची, किती धर्मांची मुले आहेत? मुलींची संख्या किती? अपंग मुलाला जागा आहे का? शिबिर संपताना पहिला, दुसरा, तिसरा ठरवून उरलेल्यांना हिरमुसले घरी पाठवले जाते, की सर्वांनी मिळून केलेले काहीतरी मागे राहते? एखादे भित्तिपत्रक, शाळेच्या आवारात लावलेली आणि पावसाळ्यापर्यंत पाणी घालून जगवलेली दहा झाडे, गावातल्या वृद्धांकडून ऐकून लिहून घेतलेल्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, एवढेही पुरेसे आहे. त्यासाठी घोडा लागत नाही.

निवड करण्याजोगे शिबिर जवळपास नसेल तर ते उभे करावे लागेल, आणि त्यासाठी देणगीदारांच्या दारात जाण्यापूर्वी सार्वजनिक साधनांकडे पाहावे. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत, तिचे आवार आणि नळ सुटीत कुलपाआड पडून असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळा सुटीत सकाळी उघडी ठेवण्याचा ठराव त्यांनी मांडावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. ही रक्कम कशावर खर्ची पडली, हे ग्रामसभेत विचारावे आणि तीतून पंधरा दिवसांचे वाचनालय, खेळाचे साहित्य आणि मुलांच्या नाश्त्याची तरतूद मागावी. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत सुटीतील भोजनासाठी न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे जावे. नांदेड आणि लातूर महापालिकांकडे प्रत्येक प्रभागात एक शाळा मोफत सुटी-केंद्र म्हणून चालवण्याची मागणी करावी. बचतगटातील स्त्रिया, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे मनुष्यबळ प्रत्येक तालुक्यात आहे. मात्र शिक्षकांच्या हक्काच्या रजेवर घाला घालून किंवा अंगणवाडी सेविकांवर बिनमोबदल्याचे आणखी एक काम लादून हे घडवू नये. मुलांचा हक्क कष्टकऱ्यांच्या हक्काच्या विरोधात उभा करणे हा समाजवाद नव्हे.

काही कार्यकर्त्यांना हे काम किरकोळ वाटेल. हमीभावाचे, पाण्याचे, बेरोजगारीचे लढे समोर असताना मुलांचे खेळ कुठे घेऊन बसायचे, असे ते म्हणतील. पण १९४१ साली देश गुलाम असताना, नेते तुरुंगात जात-येत असताना, मैदानावर मुले जमवणाऱ्यांपुढेही लढे काही कमी नव्हते. पुढच्या पिढीची संगत कोणाशी असावी हे त्यांनी ओळखले होते. येत्या मे महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या कार्यक्षेत्रातील एका वस्तीत, एका शाळेच्या आवारात, पंधरा दिवसांचे एक सकाळचे केंद्र चालवावे. त्याची तयारी जानेवारीतच सुरू करावी, म्हणजे ग्रामसभेचा ठराव हाती येईल आणि ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांची यादीही तयार राहील.