तळटिपांपर्यंत जाणारा विद्यार्थी

विकिपीडियावर विश्वास ठेवू नका, असे विद्यार्थ्यांना बजावणारे शिक्षक पुष्कळ आहेत. आम्ही त्या मताचे नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, त्या घरातील मुलाच्या हाती मोबाईलवर का होईना, ज्ञानकोश आला आहे. तो काढून घेणे आम्हांस मान्य नाही. मात्र तो कसा वाचावा हे शिकविले नाही, तर प्रकल्पाच्या वहीत केवळ नक्कल उतरते.

महाडचेच पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, मनुस्मृतिदहन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरचे. वह्यांमध्ये मात्र हे दोन्ही प्रसंग पुष्कळदा एकाच दिवशी घडतात! अशा वेळी आम्ही विचारतो : तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, मग सत्याग्रह का करावा लागला? तळ्याचा दावा न्यायालयात केव्हा निकाली निघाला? उत्तर शोधणारा विद्यार्थी मग पानाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांकडे वळतो. तेथून तो १९२३ च्या बोले ठरावाकडे, शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांकडे आणि उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालाकडे जातो. लेखाच्या माथ्यावरील ‘इतिहास’ उघडला की कोणते वाक्य केव्हा घातले गेले, केव्हा खोडले गेले, हेही दिसते. पाठ्यपुस्तकात ही सोय नाही.

हीच कसोटी आपल्या बाजूच्या मजकुरालाही लावली पाहिजे. बाबासाहेबांच्या नावावर फिरणारे प्रत्येक वचन त्यांचे नसते. ‘कोणत्या खंडात, कोणत्या पानावर?’ असे विचारणाऱ्या मुलाला अश्रद्ध म्हणणाऱ्यांनी केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, ते आठवावे.

एक अडचण मात्र आमच्या हाती नाही. विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो, आणि आपला बराचसा इतिहास जलशांत, ओव्यांत, आजीच्या बोलण्यात राहिला. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. १९५६ साली आपल्या गावातून नागपूरला कोण गेले, कसे गेले, गावात पहिले विहार केव्हा उभे राहिले, हे सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहून घ्यावे, पुस्तकरूपाने छापावे. स्मरणिकेतील लेख त्या कामी पुरेसा ठरेलच असे नाही. दीक्षाभूमीवरचा तो दिवस जाणतेपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात, नव्वदीत आहेत.