बिल्ला बंगल्याला, मरण झोपडीला

केंद्र शासनाने २०२३ साली प्राणी जन्मनियंत्रण नियम काढले आणि भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा व लसीकरणाचा भार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शिरावर ठेवला. दिवाबत्तीचे बिल भागवताना जिच्या नाकी नऊ येतात, त्या ग्रामपंचायतीने पशुवैद्य आणि शस्त्रक्रियागृह आणावे कोठून? महापालिकांना तेवढा परवाना सुचतो: पाळीव कुत्र्याला लस टोचा, शुल्क भरा, बिल्ला घ्या. त्यात गैर काही नाही. परंतु पिसाळलेले कुत्रे बिल्ला बांधून हिंडत नाही, आणि त्याच्या तावडीत सापडतो तो उघड्यावर झोपणारा मजूर, नाहीतर पायी शाळेला जाणारे त्याचे पोर.

रेबीजची लक्षणे दिसली की मरण जवळजवळ अटळ. वेळेवर उपचार मिळाले तर तेच मरण टळते. खोल जखमेत मात्र लशीच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते. ते गावच्या आरोग्य केंद्रात नसले तर मजुरी बुडवून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे, शिवाय लशीच्या पुढच्या खेपा आहेतच.

कुत्री ठार मारा म्हणणाऱ्यांनी आणि भूतदयेची प्रवचने झोडणाऱ्यांनीही गोव्याकडे पाहावे. तेथे राज्य शासनाने 'मिशन रेबीज' या संस्थेच्या साह्याने गल्लोगल्ली फिरून वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली. २०१८ व २०१९ साली तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. शंभरांतील सत्तर कुत्री लसवंत झाली की रोगाची साखळी तुटते, हे शास्त्र मुंबईच्या मंत्रालयाला अज्ञात नाही. ग्रामपंचायतींना यासाठी स्वतंत्र अनुदान आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इम्युनोग्लोब्युलिन, ही मागणी कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकापूर्वीच जिल्हा परिषदांच्या दारात नेली पाहिजे.