पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

दहावी-बारावीच्या मुलाला घरोघरी एकच सल्ला मिळतो : "वाचत राहा, दहा वेळा वाचलंस की डोक्यात बसेल." सल्ला देणाऱ्यांची कळकळ खरी असते आणि त्यांच्या म्हणण्याला अनुभवाचा आधारही दिसतो. धडा दुसऱ्यांदा वाचला की सोपा वाटतो, तिसऱ्यांदा वाक्ये ओळखीची होतात, चौथ्यांदा तर पुढची ओळ नजर पोचण्याआधीच मनात येते. मग धडा पाठ झाला, असे का म्हणू नये?

कारण तो झालेला नसतो. समोर असलेली गोष्ट ओळखणे वेगळे आणि समोर नसलेली आठवणे वेगळे. परीक्षेच्या वर्गात पुस्तक नसते. तिथे उत्तर आतून काढावे लागते, आणि नुसते वाचणाऱ्या मुलाने वर्षभरात नेमके तेवढेच काम केलेले नसते.

हे तपासून पाहिलेले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत तो वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उताऱ्याकडे न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. याहून महत्त्वाची बाब अशी, की आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाटत होती ती वाचणाऱ्यांनाच. "मला सगळं येत होतं, पेपरात आठवलं नाही," असे सांगणारे मूल खोटे बोलत नसते. त्याच्या अभ्यासाच्या रीतीनेच त्याला फसवलेले असते. अशा मुलाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

यावर आक्षेप येतो, की आठवून लिहिणे ही घोकंपट्टीच झाली, खरी गरज समजण्याची आहे. समजण्याची गरज मला पूर्ण मान्य आहे. पण समज आणि स्मरण यांचे वैर लावणे चूक आहे. २०११ साली कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी विज्ञानाचे पाठ घेऊन, मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणारे विद्यार्थी आणि मजकूर बाजूला ठेवून आठवणारे विद्यार्थी यांची तुलना केली. ज्यांची उत्तरे पाठात थेट दिलेली नव्हती, तर्काने काढावी लागत होती, अशा प्रश्नांतही आठवणारे सरस ठरले.

शिवाय मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला. पुढचे संशोधक तो चारपर्यंत खाली आणतात. सात आठे छप्पन्न ज्याला आठवत नाही, त्याची ही सगळी जागा गुणाकारातच अडकते आणि बीजगणित समजायला जागा उरत नाही. दिवेलागणीला परवचा म्हणणारी मुले पाढे पुस्तकात बघून म्हणत नसत, न बघता आणि रोज म्हणत. परवचा घोकंपट्टी म्हणून मोडीत काढताना त्यातली ही दोन्ही बळे आपण घालवली.

आता जाहिरातींतला एक दावा : "माणूस एका दिवसात सत्तर टक्के विसरतो." याला आधार दिला जातो जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या ग्रंथाचा. त्यांनी स्वतःवर प्रयोग केले, तेही निरर्थक अक्षरगट पाठ करून. मोजले ते विसरणे नव्हे. तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, ते मोजले. अर्थ कळून वाचलेल्या धड्याला तो आकडा जसाच्या तसा चिकटवणे ही दिशाभूल आहे. त्याच ग्रंथातले उपयोगी निरीक्षण मात्र कोणी सांगत नाही : एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याविरुद्ध याहून मोठा पुरावा कशाला हवा? त्या जागरणात झोपही जाते, आणि शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

रंगीत पेनांनी ओळी रंगवण्याबद्दल फार लिहायला नको. पान सुंदर दिसते, स्मरणाला फारसे काही मिळत नाही.

करायचे ते साधे आहे. धडा समजून एकदा वाचावा, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून चुकलेले आणि राहिलेले तपासावे. तपासणी टाळू नये, नाहीतर चूकच पक्की होते. उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने पुन्हा हेच करावे. सुरुवातीला आठवताना त्रास होईल. फायदा त्या त्रासातच आहे.

आठवायला लावले तर मुलांवर ताण येईल, अशी भीती काही पालकांना वाटते. ताण येतो तो गुणांमुळे. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : तासाची पहिली पाच मिनिटे कालचा धडा वहीत न बघता लिहायला द्या, आणि त्याला गुण देऊ नका. पालकांनी "किती वाचलंस?" असे विचारण्याऐवजी पुस्तक मिटायला सांगावे आणि मूल जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.